डेट्रॉइटचं मीठ आणि गाडीचा रंग

डेट्रॉइट शहराच्या खाली, साडेतीनशे मीटरहून खोल, आणखी एक शहर आहे. तिथे रस्ते आहेत, सगळे एकापुढे एक ठेवले तर दीडशे किलोमीटरहून जास्त भरतील एवढे. त्यांवरून अवजड यंत्रं फिरतात. ती वरून सुटी करून खाली नेली जातात आणि तिथेच पुन्हा जोडली जातात. भिंती, छत, जमीन, सगळं मिठाचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथला समुद्र आटला आणि त्याचं मीठ गाळाखाली दबून राहिलं. १९०६ साली ते काढायला खोदकाम सुरू झालं आणि १९१० साली खाणीची विहीर तळापर्यंत पोचली. सुरुवातीला हे मीठ कातडी कमावणाऱ्यांकडे आणि अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत जायचं. आज ते मुख्यतः रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला जातं.

म्हणजे वर मोटारगाडी घडवणारं शहर, आणि त्याच शहराच्या पोटात त्या गाडीला खाणारं मीठ.

मी चार वर्षांपासून डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो आणि सॉफ्टवेअर लिहितो. आपल्याकडे गाडी धुणं म्हणजे रविवारची सकाळ, बादली, जुना बनियन आणि दसऱ्याला झेंडूची माळ. इथे डिसेंबर ते मार्च गाडी धुणं म्हणजे औषधाचा डोस. चुकवला तर लगेच काही होत नाही, पाच वर्षांनी होतं. हा डोस आपल्यामागे कुणी लावला हे शोधायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की यात एका मोठ्या सार्वजनिक निर्णयाचा इतिहास आहे.

जेव्हा बर्फ हवा होता

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढत नसत, उलट दाबून बसवत. घोड्यांनी ओढायचे मोठे लाकडी रोलर असत. कारण वाहन होतं स्लेज, म्हणजे घसरगाडी. तिला मोकळा रस्ता नको, गुळगुळीत बर्फ हवा. तिथल्या छप्पर असलेल्या पुलांवर बर्फ पडत नसे, म्हणून माणसं लावून पुलाच्या आत बर्फ पसरला जाई. आज हे विनोदी वाटतं, पण वाहन बदललं की रस्त्याची व्याख्याही बदलते.

मग मोटार आली. सुरुवातीच्या काळात अनेक मालक हिवाळ्यात ती वापरतच नसत. रेडिएटरमधलं पाणी काढायचं, गाडी ठोकळ्यांवर चढवायची आणि वसंतापर्यंत झाकून ठेवायची. पण कामावर जायला गाडी लागू लागली तसं हे परवडेना. बर्फ ढकलणारे नांगर आले, घसरू नये म्हणून वाळू आणि राख टाकू लागले. १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्याने प्रयोग म्हणून रस्त्यांवर मीठ टाकून पाहिलं. १९४१-४२च्या हिवाळ्यात देशभरातल्या महामार्गांवर सुमारे ५ हजार टन मीठ पडलं. आता ते प्रमाण वर्षाला सुमारे २ कोटी टनांच्या घरात आहे.

मधल्या काळात काय झालं? युद्ध संपलं, उपनगरं वाढली, १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं. वादळ थांबल्यावर काही तासांत डांबर किंवा काँक्रीट उघडं दिसलं पाहिजे, हे रस्ते खात्यांचं ध्येय झालं. आणि त्यासाठी मिठाइतकं स्वस्त काही नव्हतं.

हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, बर्फ रस्त्याला चिकटत नाही, अपघात कमी होतात, रुग्णवाहिका वेळेत पोचते. जानेवारीत रात्री अकराला ऑफिसातून निघतो तेव्हा समोर मिठाचा ट्रक दिसला की मला बरंच वाटतं. प्रश्न एवढाच आहे की या सोयीचं बिल कुणाकडे गेलं.

पत्रा, रंग आणि आतला गंज

कोकणात किंवा मुंबईच्या समुद्राकाठी राहिलेल्यांना खारा वारा खिडकीच्या गजांचं काय करतो हे सांगायला नको. गंज ही विजेची क्रिया आहे. लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, पाण्याच्या थरातून विद्युतभारित कण फिरतात आणि ऑक्सिजनशी मिळून तांबूस थर बनतो. मीठ मिसळलं की त्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि क्रिया वेगाने होते. शिवाय क्लोराइड धातूवरचा संरक्षक थरही फोडतं. कडाक्याच्या थंडीत साधं मीठ पुरत नाही, म्हणून कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही क्षारं हवेतलं बाष्प ओढून घेतात. त्यामुळे गाडी कोरडी दिसते तेव्हाही सांध्यांत ओल टिकून असते.

गाडीच्या रंगाचा इतिहास मात्र बराच काळ वेगळ्याच दिशेने चालला होता. जुन्या गाड्यांवर तेलाचं व्हार्निश थरावर थर द्यावं लागे आणि ते वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे जात. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपाँटचं 'ड्यूको' हे लवकर वाळणारं लॅकर आलं आणि रंगीत गाड्यांचं युग सुरू झालं. स्पर्धा होती ती वेगाची आणि दिसण्याची. पण मीठ समोरून हल्ला करत नाही. ते दारांच्या पोकळीत, चाकांच्या कमानीत, तळाच्या दुमडींमध्ये शिरतं. तिथे रंगाची पिचकारी नीट पोचतच नसे. गाडी आतून सडून बाहेर येत असे. रंगाला फोड दिसला तेव्हा पत्रा आधीच गेलेला असायचा.

पहिला मोठा उपाय इथल्याच एका मेकॅनिकने आणला. जर्मनीहून आलेल्या कर्ट झीबार्टच्या नावाने १९५९ साली डेट्रॉइटमध्ये गंजरोधक धंदा सुरू झाला. नव्याकोऱ्या गाडीला ठरलेल्या जागी भोकं पाडायची, आत मेणासारखं रसायन फवारायचं आणि भोकं बुचांनी बंद करायची. विचार करा, कारखान्यातून आलेली गाडी पहिल्याच दिवशी दुरुस्तीला न्यायची, आणि तेही स्वतःच्या पैशाने!

कंपन्यांनी उत्तर दिलं ते सावकाश. १९६०च्या दशकात फोर्डने गाडीचा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने रंग चढवायची पद्धत आणली. आता प्रायमर पोकळीतही पोचू लागला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात याच पद्धतीचं जास्त टिकाऊ रूप आलं. त्यानंतर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सर्रास वापरात आला. त्यामुळे आजची गाडी तिच्या आजोबांपेक्षा कितीतरी जास्त टिकते. पण हे कवच मुख्यतः दिसणाऱ्या पत्र्याचं. खालच्या ब्रेकच्या नळ्या, बोल्ट, सस्पेन्शन यांचं काय?

सरकारी सल्ला: गाडी धुवा

१९९९ ते २००३च्या दरम्यानच्या जनरल मोटर्सच्या पिकअप आणि एसयूव्हींच्या ब्रेकच्या नळ्या गंजून फुटत असल्याच्या तक्रारी होत्या. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने अनेक वर्षं चौकशी केली. एप्रिल २०१५ मध्ये ती बंद झाली. निष्कर्ष असा, की हा उत्पादनातला दोष नाही, मिठाच्या प्रदेशात गाडी जुनी झाली की होणारी झीज आहे. गाड्या परत बोलावल्या गेल्या नाहीत. मालकांना सल्ला मिळाला: हिवाळ्यात गाडीचा तळ नियमित धुवा, वसंतात एकदा कसून धुवा आणि नळ्या तपासून घ्या.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात बोलका क्षण आहे. मीठ टाकायचं ठरवलं सगळ्यांनी मिळून. धुण्याची जबाबदारी आली एकेकट्या मालकावर. आमच्या क्षेत्रात याला 'टेक्निकल डेट' म्हणतात. आज झटपट मार्ग काढायचा आणि त्याचं व्याज पुढच्या टीमने भरायचं. मिशिगनमध्ये खाजगी गाड्यांची वार्षिक तपासणी सक्तीची नाही. म्हणून हे व्याज शेवटी भरतो तो बारा वर्षं जुनी गाडी घेणारा: नवा विद्यार्थी, दोन शिफ्ट करणारी बाई, रंग चकचकीत बघून फसणारा कुणीही.

म्हणून धुवायचंच, तर नीट धुवावं. मी पाळतो ते नियम साधे आहेत. थंडी सुरू होण्याआधी, ऑक्टोबरात, गाडी स्वच्छ करून वॅक्स किंवा सीलंटचा थर द्यायचा. तो गंज थांबवत नाही, पण मीठ आणि चिखल कमी चिकटतो आणि धुताना लवकर सुटतो. तापमान शून्याच्या वर गेलं की धुवायची संधी साधायची, आणि तळाला फवारा मारणारंच वॉश निवडायचं. आधी नुसत्या पाण्याने खडे काढायचे, मगच कापड लावायचं, नाहीतर मिठाचे कण रंगावर ओरखडे काढतात. दारांची रबरं आणि कडा पुसून कोरड्या करायच्या, नाहीतर सकाळी दार गोठून बसतं. गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीच नाही, काच तडकते. टपावरचा बर्फ फावड्याने नाही, मऊ फोमच्या ब्रशने ढकलायचा. आणि मिठाने माखलेली गाडी न धुता उबदार गॅरेजमध्ये ठेवायची नाही. थंडीत गंज मंदावतो, उबेत धावतो.

पाणी जातं कुठे?

गाडीवरचं मीठ धुतलं की ते संपत नाही. घरासमोर धुतलं तर पावसाच्या गटारातून थेट ओढ्यात जातं. वॉश सेंटरमध्ये धुतलं तर सांडपाणी केंद्रात जातं, तेल आणि चिखल तिथे वेगळा होतो, पण नेहमीच्या प्रक्रियेने क्लोराइड निघत नाही. रस्त्यावरचं उरलेलं मीठही नदीच्याच वाटेला लागतं.

डेट्रॉइटपासून तासाभरावर फ्लिंट शहर आहे. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवायला या शहराने नळाला फ्लिंट नदीचं पाणी सोडलं. त्यात क्लोराइड जास्त होतं. रस्त्यांवरचं मीठ हे त्यामागचं एक कारण, एकमेव नव्हे. त्यात नळ गंजू नयेत म्हणून घालायचं रसायनही घातलं गेलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी बंद करून दुसरं घेतलं, कारण सुटे भाग गंजत होते. माणसांच्या नळांना मात्र तेच पाणी आणखी वर्षभर येत राहिलं आणि जुन्या नळांमधलं शिसं मुलांच्या पोटात गेलं.

लोखंड गंजल्याचं लगेच दिसलं, कारण त्याचा हिशेब ठेवणारं कुणीतरी होतं.

आता काही बदल दिसतात. वादळाच्या आदल्या दिवशी रस्त्यांवर समांतर पांढुरक्या रेघा दिसतात. बर्फ पडण्याआधीच मिठाचं पाणी मारून ठेवलं की तो रस्त्याला घट्ट चिकटत नाही आणि एकूण मीठ कमी लागतं. रस्त्याचं तापमान मोजून तेवढंच मीठ सोडणारे ट्रक आले आहेत. हे तंत्र काही फार अवघड नाही. फक्त कमी मीठ टाकणं हे कुणाच्या तरी कामाच्या यादीत असावं लागतं.

तोवर इथे नव्याने येणाऱ्या कुणी जुनी गाडी घेताना विचारलं, तर मी एकच सांगतो. रंग बघू नकोस. टॉर्च घे, पाठीवर झोप आणि ब्रेकच्या नळ्या बघ.