नाणेघाट ते निफाड: दोन दिवस, दोन हजार वर्षं आणि मामाची बाग

हेडफोन लावलेत? आजचा भाग वाइनवर आहे. पण कुठली वाइन चांगली, चिअर्स कसं म्हणायचं, असलं काही नाही. आज इतिहास आहे, आणि थोडी घरची गोष्टही.

वीकेंडला वायनरी म्हटलं की आपण सगळे नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला जातो. सूर्यास्त, पिझ्झा, फोटो, परत. मीही गेलोय. पण या फेब्रुवारीत मी आणि माझा मित्र पुण्याहून वेगळ्या वाटेनं गेलो. शनिवारी जुन्नर, रविवारी निफाड. गाडी मी चालवत होतो, म्हणून दोन्ही दिवस चव त्यानं घेतली आणि प्रश्न मी विचारले. हा करार तुम्हीही करा.

सुरुवात नाणेघाटापासून. तुम्ही म्हणाल, घाटात वाइन कुठून आली? तर ऐका. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल या घाटानं वर चढून जुन्नरला यायचा. वर गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, बाहेर तो प्रसिद्ध दगडी रांजण. आता त्या काळातलं एक ग्रीक पुस्तक आहे, ‘पेरिप्लस’. व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं गाईडबुकच म्हणा. भडोच बंदरात काय खपतं त्याच्या यादीत वाइन आहे, आणि त्यातही इटलीची जास्त पसंत, असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली. जुन्नरच्या लेण्यांत तर दान देणाऱ्या यवनांची नावंच कोरलेली आहेत. म्हणजे वाइन या भागाला नवी नाही. फरक इतकाच की तेव्हा ती समुद्रावरून इकडे यायची.

उलटा प्रवास सुरू झाला तोही याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावला. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी इथं शातो इंडाज उभी केली. फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेतली आणि शॅम्पेनच्या पद्धतीनं, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, फसफसणारी वाइन बनवली. ‘ओमार खय्याम’ या नावानं ती परदेशात विकली गेली. नारायणगाव म्हणजे आपल्यासाठी टोमॅटोचा बाजार आणि तमाशाची पंढरी. तिथली बाटली युरोपातल्या टेबलावर! पुढे कंपनी खूप वाढली, परदेशातल्या वायनरीही तिनं विकत घेतल्या, आणि २०१०च्या आसपास कर्जाखाली कोसळली.

आता थोडं शेतीचं बोलू, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे थंडी तेवढी नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. मग आपल्या शेतकऱ्यानं कात्री हातात घेतली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यात पुढच्या पिकाच्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, त्यातून घड येतात. पावसाळा चुकवायचा आणि जानेवारी ते मार्चमध्ये माल काढायचा. सगळा हिशोब कात्रीवर.

दुसरं म्हणजे वाइनची द्राक्षं आपण खातो ती नव्हेत. आपली थॉमसन किंवा सोनाका मोठी, पातळ सालीची, बिनबियांची. शिराझ, कॅबरने ही बारीक, जाड सालीची, आत बिया. रंग आणि तुरटपणा साल-बियांतूनच येतो, म्हणून वाइनवाल्याला ती हवीत. बाजारात मात्र ती कुणी किलोभरसुद्धा घेणार नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा.

रविवारी निफाड. तालुका द्राक्षांचा, शेजारच्या कुंदेवाडीत गव्हाचं जुनं संशोधन केंद्र आहे आणि त्याच गावात रेवेलो ही घरगुती मालकीची वायनरी. ग्रिलो, नेरो दाव्होला अशा मूळ सिसिलीच्या जाती त्यांनी इथल्या मातीत लावल्या. येवल्याच्या रस्त्यानं पुढे गेलं की विंचूर. पानिपतातून वाचलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं गाव. तिथं एमआयडीसीचा वाइन पार्क आहे. असाच दुसरा सांगली जिल्ह्यात पलूसला.

हे पार्क आले कुठून? २००१मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ, परवाने सोपे. गंमत बघा, ज्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे, त्याच राज्यानं वाइनला शेतमालावरचा प्रक्रिया उद्योग म्हणून कडेवर घेतलं. डझनावारी वायनऱ्या निघाल्या. आणि गावोगावी सांगणारे फिरू लागले, की वाइनची द्राक्षं लावा, करार करू, भाव बांधून देऊ.

माझ्या मामानं ऐकलं. निफाड तालुक्यातलंच माझं आजोळ. मामा माळकरी, दरवर्षी वारीला जाणारा. २००६मध्ये त्यानं दीड एकर शिराझ लावली. आजी महिनाभर त्याच्याशी नीट बोलली नाही. गावात बागेला नाव पडलं ‘दारूची बाग’. मामा म्हणायचा, “मी द्राक्ष पिकवतो. पुढं त्याचं काय होतं ते घेणारा बघेल.” पहिली दोन वर्षं वेल वाढवण्यातच गेली, पैसा फक्त जात होता. पहिला चांगला माल आला तेव्हा पहाटे गारव्यात तोडणी केली. मी तेव्हा शाळेत होतो, क्रेट उचलायला होतो.

मग २००८. जगात मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, पर्यटक थांबले, हॉटेलं रिकामी पडली. वाइनची गिऱ्हाइकं होती तिथंच. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या, नवा माल ठेवायला जागा नाही. २००९च्या हंगामात मामाचा अर्धाच माल उचलला गेला. ती एक लहान कंपनी होती, आज ती नाही, नाव घेत नाही. उचललेल्या मालाचे पैसेही पूर्ण आले नाहीत. करारात शेतकऱ्यानं काय करायचं ते सगळं होतं. कंपनीनं माल नाही उचलला तर काय, याची एक ओळ नव्हती.

थॉमसनचा भाव पडला तर शेतकरी बेदाणा करतो. शिराझचा बेदाणा कोण खाणार? उरलेले घड वेलीवरच सुकले. २०१०मध्ये मामानं बाग काढली. मामा एकटा नव्हता, त्या दोन-तीन वर्षांत कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा तोडल्या. आजी, जिनं लावताना अबोला धरला होता, ती तोडताना बांधावर बसून रडली. “पाप-पुण्य राहू दे, पण जिवंत झाड आहे,” म्हणाली.

म्हणून रविवारी दुपारी मी मित्राला आजोळी नेलं. आता तिथं थॉमसन आहे. मामानं आम्हाला बांधाच्या कोपऱ्यात नेलं. तिथं शिराझचा एक वेल त्यानं ठेवलाय, लिंबाच्या झाडावर चढवलेला. मी विचारलं, “मामा, हा का ठेवलात?” तो म्हणाला, “याची काही चूक नव्हती.”

२०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं ठरवलं की मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायची. केवढा गदारोळ झाला आठवतंय? अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. एक बाजू म्हणाली शेतकऱ्याचं भलं, दुसरी म्हणाली संस्कृती बुडाली. मी मामाला फोन केला होता. तो म्हणाला, “भाच्या, बाटली कुठं विकायची ते त्यांनी ठरवावं. माझा माल कोण उचलणार, तेवढं कागदावर लिहून द्या म्हणावं.” टीव्हीवरच्या चर्चेत हे वाक्य मला कुठे ऐकू आलं नाही.

मग जायचं की नाही? जा, जरूर जा. टिकलेल्या लहान वायनऱ्यांत खरंच मन लावून काम चालतं. अकलूजच्या बाजूला फ्रातेल्ली आहे, इटलीचे, दिल्लीचे आणि अकलूजचे भाऊ मिळून काढलेली. नावाचा अर्थच ‘भाऊ’. इगतपुरीकडे संजेगावला व्हॅलोने आहे. जानेवारी ते मार्चमध्ये जा, म्हणजे तोडणी दिसेल. आधी फोन करा. आणि टेस्टिंगला ग्लास हातात आला की सुगंध, रंग सगळं विचारा, पण एक प्रश्न जास्तीचा विचारा: ही द्राक्षं कुणाच्या शेतातली, आणि त्यांचा करार किती वर्षांचा? जिथं उत्तर लगेच आणि नावानिशी मिळेल, तिथली बाटली घ्या.

येताना मामानं पिशवीत थॉमसनचे घड दिले, आणि वर त्या लिंबावरच्या वेलीचा एक. मित्रानं गाडीत एक मणी तोंडात टाकला, बी थुंकली आणि म्हणाला, “गोड आहे रे.” होतीच.

तुमच्या गावात अशी काढलेली बाग असेल, तर तिची गोष्ट मला पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.