एक साचा, दोन गिटारी

आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात गायकवृंदातील तीन युवक माझ्याकडे आले. नाताळपर्यंत धर्मग्रामासाठी विद्युत गिटार घ्यावी, अशी त्यांची मागणी होती. त्यांच्या हाती दोन छायाचित्रे होती. दोन्ही गिटारी तोच आकार, तेच तीन पिकअप, त्याच सहा खुंट्या आणि तोच तांबूस-पिवळा रंग घेऊन माझ्याकडे पाहत होत्या. किंमत मात्र एकीची दुसरीच्या कित्येक पट! ‘फादर, दिसायला दोन्ही सारख्याच, मग एवढा फरक कशाचा?’ त्यांतील धाकट्याने विचारले. मी घाईने उत्तर दिले, ‘नावाचा. स्वस्तातली घ्या.’

मुले गेली आणि माझ्या मनाला रुखरुख लागली. बेथानी येथे मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा ‘हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही?’ असे विचारणारा यहूदा होता. स्वस्ताईचा कैवार घेणारा दर वेळी गरिबांचाच कैवारी असतो, असे नाही. दुसऱ्या बाजूला, आमच्या पेटीतील पैसा पोलादाच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या आणि कोरडवाहू शेतावर राबणाऱ्या कुटुंबांनी दिलेला होता. विधवेच्या दोन नाण्यांतून केवळ नाव विकत घेणे हेही पापच. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधणे मला भाग पडले. ते उत्तर इतिहासात सापडले, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहे.

आरंभी ज्येष्ठांच्या मनातील एका शंकेचे निरसन करतो. हे वाद्य उपासनेत चालते काय? पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी काढलेल्या आदेशात चर्चमध्ये पियानोला आणि ढोल, झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांना मनाई केली होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात पाइप ऑर्गनचा मान कायम राखून, अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांनाही दार उघडण्यात आले. अट एवढीच, की ते वाद्य पवित्र कार्याला साजेसे असावे, मंदिराची प्रतिष्ठा राखणारे असावे आणि श्रद्धावंतांची खरोखर उन्नती करणारे असावे. या अटींत वाद्याच्या किमतीचा उल्लेख कोठेही नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. मुलांनी दाखविलेल्या गिटारीचे नाव स्ट्रॅटोकास्टर. ती १९५४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या फुलरटन या गावी जन्मली. तिचा कर्ता लिओ फेंडर (१९०९–१९९१) हा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे! त्यामुळे तो वादकांना विचारी, त्यांच्या तक्रारी ऐके आणि त्याप्रमाणे फेरबदल करी. हवाई बेटांतून आलेला फ्रेडी टावारेस हा वादक या कामी त्याचा सहकारी होता.

त्या काळी उत्तम गिटार म्हणजे व्हायोलिनसारखी पोकळ, कोरीव आणि सरसाने जोडलेली, असा समज होता. फेंडरने भरीव लाकडाची फळी घेतली, ती यंत्रावर कापली आणि दांडी सरसाने न चिकटविता चार स्क्रूंनी बसविली. दांडी झिजली वा वाकली, तर स्क्रू काढून दुसरी बसवावी, एवढे सोपे काम. रात्री नाचगाण्याच्या बैठकींत वाजवून पोट भरणाऱ्या वादकाला हेच हवे होते. गिटार स्वस्त मात्र नव्हती. १९५४ साली तिची किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती आणि ती त्या काळच्या कामगाराला सहज परवडणारी नव्हे. पण तिचा मोठेपणा साधेपणात आणि दुरुस्तीच्या सोयीत होता. आज ज्या नमुन्याची मूर्तीसारखी पूजा होते, तो मुळात एका मिस्त्रीने कष्टकरी वादकासाठी घडविलेला होता.

जानेवारी १९६५ मध्ये फेंडरने आपली कंपनी सीबीएस या मोठ्या व्यापारी संस्थेला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढील दीड दशकात उत्पादन वाढले, पण कामातील काळजी ओसरली. नाव तेच आणि किंमत भारी, वस्तू मात्र उतरलेली. याच सुमारास जपानी कारागिरांनी जुन्या स्ट्रॅटोकास्टरचा बारकाईने अभ्यास करून तिच्या हुबेहूब प्रतिकृती बनविण्यास आरंभ केला. त्या स्वस्त होत्या आणि बऱ्याच वेळा मूळ कंपनीच्या तत्कालीन मालाहून सरस होत्या. अखेर १९८२ साली कंपनीला जपानमध्येच आपली शाखा काढावी लागली. तेथील स्वस्त गिटारींना स्क्वायर हे नाव दिले गेले. हे नाव पूर्वी विकत घेतलेल्या एका जुन्या तारा-उत्पादकाचे होते. त्या पहिल्या जपानी स्क्वायर गिटारी आज जाणकार आवर्जून शोधतात. धाकट्या भावाने थोरल्याला लाजविले आणि त्याला पुन्हा शहाणपणाच्या वाटेवर आणले, असेच म्हणावे लागेल.

१९८५ साली कंपनीतील काही जणांनी ती सीबीएसकडून सोडवून घेतली. १९८७ मध्ये मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे कमी खर्चाचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात निवडक कारागिरांची खास कार्यशाळाही निघाली. एकाच वर्षी एक दार बेताच्या ऐपतीच्या गिऱ्हाईकासाठी उघडले, दुसरे धनिकासाठी. त्या दशकाच्या अखेरीस काही स्क्वायर गिटारी आपल्या भारतातही बनल्या, हे अनेकांना ठाऊक नाही. आज स्क्वायरचे उत्पादन मुख्यतः इंडोनेशिया व चीन येथे होते.

आपल्याकडे तारांच्या या विद्युत वाद्याची ओळख प्रथम हवाईयन गिटारीने करून दिली. लखनौहून मुंबईला आलेले व्हॅन शिप्ली हे तिचे नामवंत वादक. पुढे १९७१ मध्ये ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटातील गाण्यात भूपिंदर सिंग यांनी वाजविलेली गिटार घरोघरी ऐकू आली. परंतु परदेशी वाद्य मिळणे दुर्घट होते. १९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते. मुंबईच्या धोबी तलाव परिसरातील, १८६५ पासून चालत आलेल्या फुर्तादो यांच्या दुकानात जाऊन वाद्ये डोळे भरून पाहायची आणि कोलकात्यात बनणारी गिव्हसन गिटार घेऊन परतायचे, हा त्या पिढीतील अनेकांचा अनुभव. त्या गिटारींवर बोटे सोलून निघत. तरीही कित्येक धर्मग्रामांतील गायन त्यांच्याच आधारावर उभे राहिले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. स्वस्त आणि महाग स्ट्रॅटोकास्टर यांत फरक कोणता? तारेची लांबी दोहोंत एकच, सुमारे ६४८ मिलिमीटर. आकार तोच, स्वरांची जागा तीच. महागड्या गिटारीचे अंग बहुधा आल्डर वा अ‍ॅश लाकडाचे असते, तर स्वस्त गिटारीचे पॉप्लरसारख्या लाकडाचे. महागडीच्या पिकअपमध्ये अल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात. स्वस्तात बहुधा सिरॅमिकचे. तारा जिथे खुंट्यांकडे वळतात, तेथील लहानशी पट्टी एकीत हाडाची, दुसरीत प्लास्टिकची असू शकते. खुंट्या, घोडीखालचा धातूचा ठोकळा, आतील बटणे यांतही उजवे-डावे असते. या साऱ्याचा नादावर परिणाम होतो, परंतु तो किमतीच्या प्रमाणात होत नाही.

लाकडाची एक गोष्ट मला फार भावली. १९५९ पासून स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीवर शिसवी लाकडाची पट्टी बसू लागली. आरंभी ते ब्राझीलचे असे. १९६० च्या दशकात त्याची जागा भारतीय शिसवाने घेतली. २०१७ मध्ये शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले, तेव्हा स्वस्त गिटारींसाठी ‘इंडियन लॉरेल’ नावाचे लाकूड पुढे आले. हे इंडियन लॉरेल म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपला ऐन! तयार वाद्यांवरील ते नियंत्रण २०१९ मध्ये सैल झाले, तरी ऐन टिकून राहिला. म्हणजे श्रीमंताच्या गिटारीवर शिसव आणि गरिबाच्या गिटारीवर ऐन. ही दोन्ही झाडे सह्याद्रीच्या एकाच रानात शेजारी शेजारी वाढणारी.

लाकूड व चुंबक यांहून मोठा फरक वेळेचा आहे. दांडीवरील धातूच्या पडद्यांची टोके हाताने घासून गुळगुळीत करावी लागतात, घोडीची उंची तारेतारेगणिक जुळवावी लागते. महागड्या गिटारीला हा वेळ मिळतो. स्वस्तीला मिळत नाही. जालन्यातील सळईच्या धंद्यातले लोक जाणतात की, दोन सळया दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची ताकद त्यांना मिळालेल्या तापण्या-निवण्याच्या संस्कारावर ठरते. वाद्याचेही तसेच आहे. सुदैवाने हा संस्कार मागाहूनही करता येतो. चांगल्या कारागिराने काही तास खर्च केले, तर साधी गिटारही सुरात बोलू लागते.

आणि सर्वांत मोठा फरक मजुरीचा. साचा एक, यंत्रे बहुतांशी एकाच जातीची. परंतु कॅलिफोर्नियातील कामगाराची मजुरी आणि इंडोनेशियातील कामगाराची मजुरी यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. दोन छायाचित्रांतील किमतींच्या तफावतीचा मोठा हिस्सा या अंतरात दडलेला आहे. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी आपल्या विश्वपत्रात सांगितले की, कामगाराने नाइलाजाने कमी मजुरी मान्य केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमाविषयीच्या विश्वपत्रात तोच धागा पुढे नेला. शेतात राबलेल्यांची अडकवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते, असा इशारा संत याकोबाने तर पहिल्या शतकातच दिला होता. ज्या जिल्ह्यातून दर वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात, तेथील माणसांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. आपण स्वस्त वस्तू घेतो, तेव्हा उरलेली किंमत दूरच्या कोणा भावाने वा बहिणीने भरलेली असू शकते. म्हणून स्वस्त वस्तू टाकावी असे मी म्हणत नाही. त्या कामगाराची चूलही त्याच कामावर पेटते. परंतु ‘फरक फक्त नावाचा’ हे माझे उत्तर अपुरे होते, हे मला कबूल केले पाहिजे.

पुढील रविवारी मी त्या युवकांना बोलावून हे सारे सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोपविला. त्यांनी साधी गिटार निवडली. उरलेल्या रकमेतून तिची नीट जुळणी करून घ्यायची आणि सहा महिने शिक्षकाची फी भरायची, असे ठरले. त्या शिक्षकाशी फीबाबत घासाघीस करायची नाही, ही सूचना धाकट्याची.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात ती गिटार वाजली. दोन ठिकाणी चुकली. परंतु मागच्या बाकांवर बसणारी माणसे त्या रात्री गायली. विश्वपरिषदेची तिसरी अट श्रद्धावंतांच्या उन्नतीची होती. ती पुरी झाली की नाही, याचा निवाडा करणारा मी कोण? मी एवढेच पाहिले की, गाणे संपल्यावर त्या मुलाने गिटार ठेवण्यापूर्वी दांडीवरची ऐनाची पट्टी रुमालाने हळुवार पुसली.