काचेखालचा समुद्र

ॲरिझोनाच्या वाळवंटात, ओरॅकल गावाजवळ, एक समुद्र आहे. काचेच्या छपराखाली साडेसव्वीस लाख लिटर खारे पाणी, छोटीशी पुळण आणि लाटा उठवणारे यंत्र. थोडे पाणी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून टँकरने आले, बाकीचे क्षार कालवून जागेवरच तयार केले. प्रवाळ मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरून आणले. या वास्तूचे नाव ‘बायोस्फिअर २’. पहिले बायोस्फिअर म्हणजे आपली पृथ्वी.

टेक्सासचे तेलसम्राट एड बास यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या काचघरात २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ जण शिरले आणि दारे बंद झाली. दोन वर्षे आतच पिकवायचे, आतलेच खायचे आणि आतल्याच हवेवर जगायचे. प्रत्यक्षात हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास घसरला आणि जानेवारी १९९३ मध्ये तो बाहेरून सोडावा लागला. वृत्तपत्रांनी ही फजिती रंगवून छापली. ती रंगवण्याजोगी होतीही.

हा ऑक्सिजन गेला कुठे, याचा छडा जेफ्री सेव्हरिंगहाउस आणि वॉलेस ब्रोकर या भूरसायनशास्त्रज्ञांनी लावला. सुपीक मातीतल्या जिवाणूंनी ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडला होता, आणि त्यातला बराचसा नव्याकोऱ्या काँक्रीटच्या भिंतींनी पिऊन टाकला होता. चुन्याचा गिलावा हवा पिऊन कडक होतो, तसाच हा प्रकार. म्हणजे भिंतींत फुकटात चुनखडी तयार होत होती, आणि ज्यांचा तो धंदाच, त्या प्रवाळांना मात्र त्याच छपराखाली ती बनवणे जड जात होते. या उलट्या न्यायाची खरी किंमत कळायला आणखी काही वर्षे जावी लागली.

मध्यंतरी मालक आणि व्यवस्थापक यांच्यात चांगलीच जुंपली. १९९४ साली जुन्या मंडळींना मार्शल आणून बाहेर काढण्यात आले. नवे कारभारी स्टीव्ह बॅनन. होय, पुढे ट्रम्प यांचे सल्लागार झाले तेच. १९९६ मध्ये कारभार कोलंबिया विद्यापीठाकडे गेला आणि विद्यापीठाच्या लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेतले सागरवैज्ञानिक ख्रिस लँग्डन यांच्या वाट्याला हा आजारी समुद्र आला.

त्या काळी प्रवाळांच्या अभ्यासकांना समुद्राच्या रसायनाची फारशी धास्ती नव्हती. उष्ण कटिबंधात पृष्ठभागाच्या पाण्यात ॲरागोनाइट, म्हणजे प्रवाळ जिचा सांगाडा बांधतात ती चुनखडी, संपृक्ततेच्या कितीतरी पट असते. त्यामुळे थोडीफार घट झाली तरी प्रवाळांचे काही अडणार नाही, असा समज होता. पण कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल तयार होते, आणि ते पाण्यातले कार्बोनेट आयन खाऊन टाकते. बांधकामाचा हाच तर माल.

लँग्डन यांच्या हाती होते ते निसर्गात मिळत नाही असे काही: हवे तेव्हा रसायन बदलता येईल असा अख्खा प्रवाळखडक. कधी खाण्याचा सोडा, कधी धुण्याचा सोडा, कधी कॅल्शियम क्लोराइड घालून पाण्याची संपृक्तता वरखाली करायची. मग नमुन्यात थेंब थेंब आम्ल सोडून पाण्यात ते पचवण्याची ताकद किती उरली, हे मोजायचे. चुनखडीचा एक रेणू बांधला गेला की ही ताकद ठरलेल्या प्रमाणात घटते, त्यामुळे प्रवाळाला हातही न लावता खडकाची वाढ समजते. हे काम ३.८ वर्षे चालले. संपृक्तता उतरली की बांधणीही उतरे. पाणी कितीही पट संपृक्त असले तरी सूट नव्हती. त्याहून वाईट म्हणजे, बदल दिवसांचा असो वा महिन्यांचा, खडकाला त्याची सवय होत नव्हती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात १८८० ते २०६५ या काळात प्रवाळखडकांची बांधणी ४० टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता.

त्याआधी १९९८ मध्ये बॉस्टनला या विषयावर शास्त्रज्ञांची बैठक झाली होती. समोर मांडलेल्या आकड्यांचा अर्थ लक्षात येताच त्यांतल्या एक, प्रवाळांच्या अभ्यासक जोॲनी क्लेपास स्वच्छतागृहात जाऊन ओकल्या. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितली. त्यांचा १९९९ चा ‘सायन्स’मधला निबंध या विषयातला मैलाचा दगड ठरला आणि लँग्डन त्याचे सहलेखक होते. ‘सागरी आम्लीकरण’ हा शब्द रूढ व्हायला अजून चार-पाच वर्षे होती.

टाकीतला निष्कर्ष टाकीपुरताच, ही शंका रास्त होती. तिचे उत्तर पापुआ न्यू गिनीत मिळाले. मिल्ने उपसागराच्या भागात समुद्रतळातून ज्वालामुखीच्या वायूचे बुडबुडे सतत वर येतात. तो वायू बहुतांशी कार्बन डायऑक्साइडच. कॅथरिना फॅब्रिशियस, लँग्डन आणि सहकाऱ्यांनी तिथे केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या ८.१ सामूच्या पाण्यात फांद्याफांद्यांचे, नाना तऱ्हांचे प्रवाळ होते. सामू ७.८ पर्यंत उतरलेल्या ठिकाणी प्रवाळांनी व्यापलेली जागा साधारण तेवढीच होती, पण बहुतेक पोराइट्स या प्रवाळाचे गोल ढेपे. माशांना लपायला कपारी उरल्या नव्हत्या. ७.७ च्या खाली खडक बनणेच थांबले होते.

कोलंबिया विद्यापीठाने २००३ मध्ये काचघर सोडले. लँग्डन पुढे मायामी विद्यापीठात गेले. फ्लोरिडाच्या प्रवाळपट्ट्यात २००९-१० मध्ये घेतलेल्या त्यांच्या गटाच्या मोजमापांतून २०१६ साली असे दिसून आले, की उत्तरेकडच्या भागात शरद ऋतूत आणि हिवाळ्यात खडक जितका बांधला जातो त्याहून जास्त विरघळतो.