आमची कोठेही शाखा नाही

आमच्या गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक जोशी राहत आणि तिसऱ्यावर दुसरे. आद्याक्षरंसुद्धा तीच. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला स्थळाकडून आलेला होकार एकदा दुसऱ्या मजल्यावर पोचला. तिथे तीन मुलगेच होते! शेवटी दुसऱ्या मजल्यानं पाटी रंगवली, ‘जोशी (मूळ)’. तिसऱ्यानं लगेच उत्तर दिलं, ‘जोशी (खरे)’. झालं! त्या दिवसापासून तळमजल्यावरच्या खऱ्यांचीही पत्रं तिसऱ्या मजल्यावर जाऊ लागली.

नावाचं भांडण आम्हां मुंबईकरांना नवं नाही. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी लिहिणाऱ्याच्या मनात शेजारच्या गल्लीतला कोणीतरी सारखा खुपत असतो. पण चाळीत निदान दोन जोशी नांदू शकतात. इंटरनेटच्या चाळीत एका नावाची खोली एकच. जो आधी येईल त्याची. मग काही चतुर मंडळींनी धंदा काढला. बड्या माणसाच्या नावाची खोली आपण आधी अडवायची आणि तो दारात आला की त्याच्याकडेच पागडी मागायची. इंग्रजीत याला सायबरस्क्वॉटिंग म्हणतात. गिरगावात याला नाव द्यायची गरज कधी पडली नाही.

या विषयातला एक मानाचा खटला आमच्या फोर्टातल्या उच्च न्यायालयात झाला. साल १९९९. मुंबईत १९७३ साली निघालेली रेडिफ्युजन ही जाहिरात कंपनी. तिच्या नावाची पहिली सहा इंग्रजी अक्षरं घेऊन १९९६ मध्ये ‘रेडिफ’ इंटरनेटवर आलं. पाठोपाठ दुसऱ्या कोणी ‘रॅडिफ डॉट कॉम’ नोंदवलं. फरक एका अक्षराचा, ‘ई’च्या जागी ‘ए’. रेडिफवाले कोर्टात गेले.

आता प्रतिवादींचा खुलासा ऐका. म्हणे हे नाव आम्ही स्वतंत्र बुद्धीनं घडवलं. ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरं, ‘इन्फर्मेशन’चं एक, ‘फ्यूचर’चं एक आणि ‘फ्री’चं एक! बँकेत उशिरा येण्याची कारणं मी वीस वर्षं देत आलो आहे, पण इतकं कष्टाचं कारण मला कधी सुचलं नाही. न्यायमूर्ती ए. पी. शहांनाही ते पटलं नाही. एप्रिल १९९९ मध्ये त्यांनी मनाई हुकूम दिला. इंटरनेटवरचं नाव हा नुसता पत्ता नसतो, त्यालाही व्यापारचिन्हासारखंच संरक्षण हवं, असा त्याचा मथितार्थ.

पुढे ‘सिफी’ विरुद्ध ‘सिफीनेट’ हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथला खुलासा असा की आमच्या पाच भागीदारांची आद्याक्षरं जुळवली आणि नेमकं हेच नाव निघालं! २००४ साली त्या न्यायालयानंही मान हलवली, पण आडवी. अशा नावांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नव्हता, आजही नाही. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू नये, हा जुना किराणा दुकानातला न्यायच न्यायालयांनी इंटरनेटला लावला.

मला सर्वांत आवडलेला युक्तिवाद मात्र दिल्लीतला. १९९९ च्याच फेब्रुवारीत ‘याहू’नं ‘याहूइंडिया’ नावाविरुद्ध दावा जिंकला. त्यात बचाव होता की इंटरनेट वापरणारे लोक सुशिक्षित असतात, ते असे फसत नाहीत. न्यायालयानं हे मानलं नाही. मीही मानत नाही. मी बी.कॉम. आहे, सह्या ताडून पाहणं हा माझा पोटाचा धंदा आहे आणि एका जादा अक्षराच्या दुकानातून मी सौ.साठी मिक्सर मागवला आहे. तो अजून यायचा आहे. सौ. रोज चौकशी करते.

यात हसण्यासारखं आहे तोवर ठीक. पण एकदा लालबागच्या एक आजी माझ्या खिडकीशी आल्या. पतीच्या माघारी मिळणारं पेन्शन, चार महिन्यांचं साठवलेलं, एका रात्रीत गेलेलं. मोबाइलवर बँकेच्या नावासारखं नाव उघडलं होतं, एका अक्षराचा फेर. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पण नाव तर तुमचंच होतं ना रे बाळा?” माझ्याकडे फॉर्म होता, उत्तर नव्हतं. २०२५ साली रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाची नावं घ्यायला लावली, ३१ ऑक्टोबरपर्यंत. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. वाचकहो, शेपूट पाहून मग पैसे भरा.

तेव्हापासून मी नावं राखणाऱ्यांच्या बाजूचा झालो होतो. पण अमेरिकेतल्या उझी निसान या गृहस्थानं माझा पक्ष डळमळीत केला. आडनावच निसान. १९९४ साली त्यानं आपल्या धंद्यासाठी ‘निसान डॉट कॉम’ घेतलं. १९९९ मध्ये मोटारींच्या निसान कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं. एका न्यायालयानं तर त्या पानावर कंपनीची निंदाही करायची नाही असं बजावलं. २००४ साली वरच्या न्यायालयानं सांगितलं की मोटारींच्या जाहिराती लावू नकोस, पण बोलायचा हक्क तुझा आहे. २०२० मध्ये तो वारला, तोवर ते नाव त्याच्याकडेच होतं.

आपल्याकडेही २०११ साली असंच घडलं. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे कासवांना धोका आहे, म्हणून ग्रीनपीसनं टाटांच्या चिन्हाला चिमटे काढणारा एक खेळ इंटरनेटवर मांडला. फोर्टातल्या बॉम्बे हाउसला, म्हणजे टाटांना, ते रुचलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं मात्र तो खेळ थांबवायला नकार दिला. दुसऱ्याचं नाव घेऊन टीका करणं वेगळं आणि दुसऱ्याचं नाव लावून गल्ला भरणं वेगळं.

थोडक्यात काय, जोश्यांच्या दारासमोर उभं राहून “जोशी कंजूष आहेत” असं खुशाल ओरडावं. फक्त जोशी म्हणून त्यांची मनिऑर्डर घेऊ नये. एवढं कळायला कोर्टांना बरीच वर्षं लागली. आमच्या पोस्टमनला ते ठाऊक होतं. पुढे पुढे तो पत्र देण्याआधी विचारायचा, “तुम्हांला मुलगी आहे का?”