तीन अक्षरांची मुदत

महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही आणि दुर्वासांचा शापही नाही. दोन्ही कालिदासाने घातले. अंगठीबरोबर त्याने एक हिशेबही घातला, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

सहाव्या अंकात कोळ्याला सापडलेली अंगठी राजाकडे येते आणि त्याला सगळे आठवते. तो विदूषकाला सांगतो की, निघताना आपण शकुंतलेला अंगठीवरच्या नावाचे रोज एक अक्षर मोजायला सांगितले होते. शेवटचे अक्षर येईपर्यंत तिला न्यायला माणूस येणार होता. दुष्यंत या नावात अक्षरे तीन, म्हणजे मुदत तीन दिवसांची. सातव्या अंकात दोघे भेटतात तेव्हा मुलगा सिंहाच्या छाव्याशी खेळण्याएवढा झालेला असतो.

हे वाक्य आपण ऐकतो ते मुदत देणाऱ्याकडून, आणि तेही मुदत टळून गेल्यावर. मोजणारी तेव्हा रंगमंचावर नसतेच. शापाची गोष्ट सख्यांनी तिच्यापासून लपवलेली. राजा का विसरला याचे कारण प्रेक्षकांना ठाऊक, तिला नाही.

मराठीत परशुरामतात्या गोडबोले यांचे भाषांतर 1861 चे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पुण्यातला पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 चा, पण तो पहिल्या चार अंकांचाच होता. प्रेक्षक शकुंतलेची पाठवणी पाहून घरी गेले. अक्षरांचा हिशेब पुढच्या अंकांत राहिला.

धीर हा आपण स्वभावाचा गुण मानतो. कालिदासाच्या या वाक्यात तो मोजणीवर उभा आहे. शेवट दिसत असला की माणूस थांबतो. चौथ्या दिवशी मोजायला अक्षरच उरत नाही.

आमचे चितेगाव पैठण रस्त्यावर. जायकवाडीचे पाणी याच वाटेने संभाजीनगरला जाते. धरणाची पायाभरणी 1965 ची, लोकार्पण 1976 चे. तरी शहरातल्या घरांत आज पाण्याचा कितवा दिवस, हा प्रश्न रोजचाच. पाणी पाचव्या दिवशी येणार म्हटले की घरची बाई त्या बेताने हंडे-पिंपे भरते आणि तक्रार न करता पाच दिवस काढते. सहावा दिवस कोरडा उजाडला की तिला धीर धरायला सांगितले जाते. पाच दिवस तिने धीरच धरलेला असतो. आता तिला कळायला हवे ते कारण आणि नवा दिवस.