घराचा गिलावा (प्लास्टर): प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) लाभार्थ्यांसाठी माहिती

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अंतर्गत सपाट भागात 1.20 लाख रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागात 1.30 लाख रुपये साहाय्य बांधकामाच्या टप्प्यांनुसार थेट बँक खात्यात जमा होते. घर लाभार्थ्याने स्वतः किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधायचे असते, ठेकेदार नेमायचा नसतो. त्यामुळे गिलाव्याच्या कामावर तुम्हालाच लक्ष ठेवावे लागते.

गिलावा कशासाठी?

गिलावा केवळ शोभेसाठी नसतो. विटांच्या सांध्यांतून पावसाचे पाणी आत येऊ नये, भिंतीची झीज होऊ नये, फटींत किडे राहू नयेत, हे त्याचे काम आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

• विजेच्या व नळाच्या पाइपांसाठी भिंत आधीच फोडून घ्या. नंतर फोडल्यास गिलावा वाया जातो.
• विटांचे सांधे सुमारे 10 मिलिमीटर खोल खरवडा. काँक्रीटच्या गुळगुळीत भागावर छिन्नीने टाचे मारा.
• भिंत झाडून चांगली भिजवा. कोरडी वीट गिलाव्यातील पाणी शोषून घेते.
• वाळू तपासा. काचेच्या बाटलीत वाळू, पाणी व चिमूटभर मीठ घालून हलवा आणि काही तास ठेवा. वाळूवर गाळाचा जाड थर बसला, तर वाळू धुऊन घ्या. समुद्राची खारी वाळू वापरू नका.

मिश्रण आणि जाडी

• आतील भिंत: 1 भाग सिमेंट, 6 भाग वाळू, जाडी 12 ते 15 मिलिमीटर.
• बाहेरील भिंत: 1 भाग सिमेंट, 4 भाग वाळू, दोन थरांत मिळून सुमारे 20 मिलिमीटर.

सिमेंट व वाळू एकाच घमेल्याने मोजा, फावड्याच्या अंदाजाने नको. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपवा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू देऊ नका. ओल्या भिंतीवर कोरडे सिमेंट भुरभुरल्यास बारीक भेगा पडतात.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा नीट धरत नाही. तेथे माती, भुसा व शेणाचे लिंपणच योग्य.

पाणी मारणे

गिलावा घट्ट झाल्यावर, साधारण दुसऱ्या दिवसापासून, किमान 7 दिवस भिंत सतत ओली ठेवा. उन्हाच्या बाजूला ओले गोणपाट लावा. सिमेंटला ताकद येते ती ओलाव्यामुळे, वाळल्यामुळे नव्हे. पुढील हप्त्यासाठी घराचे छायाचित्र घ्यायचे आहे म्हणून अनेक घरांत हेच दिवस कमी केले जातात. तसे करू नका. छायाचित्र भिंत ओली असतानाही घेता येते.

पैसे कमी पडत असल्यास

सिमेंट कमी करून सर्व भिंतींना पातळ गिलावा देऊ नका. ज्या बाजूने पावसाचा मारा असतो, ती बाहेरील भिंत व न्हाणीघर आधी पूर्ण करा. आतील भिंतींचे काम नंतर करता येते.

मजुरी देण्यापूर्वी

पाणी मारण्याचे दिवस संपल्यावर लाकडी दांड्याने भिंत हलकेच ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, तर तेथे गिलावा भिंतीपासून सुटला आहे. तो भाग काढून पुन्हा करून घ्या आणि मगच गवंड्याची शेवटची मजुरी द्या.

हप्त्यांचे टप्पे राज्यानुसार वेगळे असतात. आपल्या हप्त्याबाबत ग्रामपंचायत किंवा पंचायत समिती अथवा गट विकास कार्यालयात चौकशी करावी.