जंतूची ओळख : भक्षकपेशींच्या शोधाचा इतिहास

शरीरात शिरलेल्या जंतूचा नाश कसा होतो आणि तो परका आहे हे शरीराला मुळात कळते कसे, हे दोन प्रश्न आज एकत्रच विचारले जात असले, तरी त्यांची उत्तरे शतकाहून अधिक अंतराने मिळाली. पहिले उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांना दिसले, तर दुसऱ्यासाठी जनुकशास्त्राची वाट पाहावी लागली. पूर्वी रोग झालेला नसताना आणि लसही टोचलेली नसताना जी संरक्षणव्यवस्था जन्मापासून सज्ज असते, तिला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात, आणि तिच्या अभ्यासाचा आरंभ वैद्यकात नव्हे, तर प्राणिशास्त्रात झाला.

ओदेसा येथील प्राध्यापकपद सोडून इल्या मेचनिकोव्ह १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना या बंदरात आले आणि तेथे तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक डिंभात, म्हणजे अंड्यातून निघालेल्या अपक्व पिलात, त्यांनी गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींची दाटी झालेली दिसली. या प्राण्याची निवडच निर्णायक ठरली, कारण दाह हा रक्तवाहिन्यांचा विकार आहे असे त्या काळचे वैद्यक मानत होते आणि या डिंभाला रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे पेशी स्वतःच परक्या वस्तूकडे धावतात हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८८४ मध्ये त्यांनी डॅफ्निया या गोड्या पाण्यातील सूक्ष्म जिवावर पुढचे निरीक्षण प्रसिद्ध केले. एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू त्याच्या आतड्याची भिंत भेदून बाहेर पडत, पेशी त्यांना घेरून गिळत आणि त्यांचा चुरा होई. पेशी पुरेशा पडल्या तर तो जीव वाचे, एखादा बीजाणू सुटून रुजला तर मरे. पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर वाहून नेतात अशी समजूत तेव्हा रूढ होती, आणि या निरीक्षणाने ती पार उलटवली.

जर्मनीतील संशोधकांनी मात्र जंतू गिळणाऱ्या या पेशींना, म्हणजे भक्षकपेशींना, दुय्यम ठरवून सारे श्रेय रक्तजलाला, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाला दिले, आणि त्यांच्या बाजूनेही भक्कम पुरावा होता. मेचनिकोव्ह यांच्याच पॅरिसमधील प्रयोगशाळेत झ्यूल बोर्दे यांनी १८९५ मध्ये दाखवले की जंतुनाशक रक्तजल ५५ अंशांपर्यंत तापवले की निकामी होते आणि त्यात ताजे साधे रक्तजल मिसळले की पुन्हा कामाला लागते. उष्णतेने नष्ट होणारा हा घटक पुढे कॉम्प्लिमेंट म्हणून ओळखला गेला. १९०३ मध्ये लंडनमध्ये आल्मरॉथ राइट यांनी रक्तजलातील घटक जंतूला चिकटले की पेशी तो अधिक सहज गिळतात असे सिद्ध केल्यावर दोन्ही पक्षांचे म्हणणे एकमेकांना पूरक ठरले, आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकोव्ह व पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आले.

या परंपरेची एक शाखा मुंबईत रुजली. ओदेसात मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी असलेले वाल्डेमार हाफकिन प्लेगची साथ फुटल्यावर १८९६ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लसीचे काम सुरू केले. मांसरसावर तुपाचा पातळ थर तरंगत ठेवला की प्लेगचे जंतू त्या थराच्या खालून लोंबत्या तंतूंसारखे वाढत. बाटली हलवून ते तळाशी पाडायचे, नवी वाढ येऊ द्यायची आणि अखेरीस उष्णतेने सारे जंतू मारायचे, अशी ती पद्धत होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना ती देण्यात आली. परळच्या जुन्या राजभवनात १८९९ मध्ये नेलेली त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

लस टोचल्यावर ताप येई आणि टोचल्या जागी सूज चढे. मेलेल्या जंतूमुळे शरीर का खवळावे, या प्रश्नातच ओळखीचे सारे रहस्य दडलेले होते. चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये तर्क मांडला की जंतूंना ज्यांच्यावाचून जगता येत नाही आणि प्राण्यांच्या शरीरात जे कधीच नसतात, असे ठरावीक रेणू ओळखणारे ग्राही, म्हणजे विशिष्ट रेणूला जुळणारी प्रथिने, आपल्या पेशींवर असले पाहिजेत. १९९६ मध्ये स्ट्रासबूर्ग येथे झ्यूल हॉफमन यांच्या गटाला टोल हे जनुक निकामी असलेल्या फळमाश्या बुरशीला बळी पडताना आढळल्या, आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरांमधील टीएलआर-४ हा त्याच कुळातला ग्राही लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे अनेक जीवाणूंच्या बाह्य आवरणातील स्निग्धयुक्त शर्करा, ओळखण्यासाठी अनिवार्य असल्याचे दाखवले. अशा ग्राहींच्या संदेशाने पेशी खवळतात, ताप आणणारी रसायने सोडतात आणि आणखी पेशींना बोलावून घेतात. गिळलेला जंतू पेशीतल्या कप्प्यात आम्ल, पाचक विकरे आणि प्राणवायूपासून बनलेली जहाल संयुगे यांच्या माऱ्याने मरतो.

प्लेगचा जंतू इतका घातक का, याचेही एक कारण त्यातून उलगडले. पिसवेच्या थंड शरीरात या जंतूच्या लिपोपॉलिसॅकराइडला सहा स्निग्धाम्ल-साखळ्या असतात, पण माणसाच्या ३७ अंश तापमानात तो मुख्यतः चार साखळ्यांचे रूप बनवतो, आणि टीएलआर-४ ला ते जवळजवळ जाणवतच नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या जंतूला ३७ अंशांवरही सहा साखळ्यांचेच रूप बनवायला लावले, तेव्हा मोठी मात्रा देऊनही उंदीर जगले. टीएलआर-४ नसलेले उंदीर मात्र वाचले नाहीत.